वाकेन, पण मोडणार नाही

मोबाइलचा चार्जर. होय, चक्क चार्जर! लोक डेडलिफ्ट मारताना आडवे होतात, राजगड उतरताना आडवे होतात. निदान सांगायला एक स्टोरी तरी असते. मी आडवी झाले ती पलंगाखाली पडलेला चार्जर उचलताना. २०२३ चा जून. सकाळचे साडेआठ. अकरा वाजता लोअर परळला एक इंटरव्ह्यू घ्यायचा होता, म्हणजे नऊची लोकल पकडायची होती. वाकले, कमरेत कट्‌कन काहीतरी झालं आणि पुढची दहा मिनिटं मी फरशीवर चार पायांवर, जनावरासारखी. ना वर जाता येईना, ना खाली.

आई धावत आली. "अगं बाई, उसण भरली!" आणि तिच्या मागे, दारातच, एक हात स्वतःच्या कमरेवर ठेवून बाबा. "तरी मी सांगत होतो. वाकायचं नाही."

बाबांचं हे वाक्य मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय. २००४ मध्ये गॅसचा भरलेला सिलिंडर दोन मजले वर आणताना त्यांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, गादी सरकलीय. तीन आठवडे सक्त बेडरेस्ट, मग पट्टा, आणि यापुढे वाकायचं नाही, उचलायचं नाही. बाबा आज्ञाधारक. त्यांनी ते 'यापुढे' अक्षरशः पाळलं. भाजीची पिशवी आईकडे गेली, सिलिंडर दादाकडे गेला, आणि गणपतीसुद्धा. त्याआधी दरवर्षी मूर्ती घरी आणायचे ते बाबा आणि विसर्जनाला पाण्यात सोडायचे तेही बाबाच. २००४ नंतर ते बाजूला उभं राहून "सांभाळून, सांभाळून" एवढंच म्हणायचे. आमच्या घरात माणसं पाच, पण निर्णय घ्यायची सहावी मेंबर: बाबांची पाठ.

आणि आता माझी.

एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, एल-४ एल-५ डिस्क बल्ज. वय वर्षं सव्वीस! मी रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात रडले, खोटं कशाला बोलू. ओळखीच्यातल्या प्रत्येकाकडे एक तरी किस्सा तयार होता. कुणाच्या मावशीच्या मणक्यात 'गॅप' होता, कुणाच्या साहेबांची 'नस दबली' होती. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच. वाकू नकोस.

पुढचे चौदा महिने मी वाकले नाही. खाली पडलेली वस्तू पायाच्या बोटांनी उचलायची कला मी याच काळात आत्मसात केली. शिंक आली की भिंत धरायची. ग्रुपचे तीन ट्रेक सोडले. दादाची मुलगी, आमची चिऊ, तेव्हा दोन वर्षांची. हात वर करून "आत्तू, उचल" म्हणायची आणि आत्तू म्हणायची, "आत्तूला बाऊ आहे." एक दिवस तिने मागणंच बंद केलं. सरळ आजीकडे गेली. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. आम्ही दोघं काही बोललो नाही, पण त्या क्षणी कळलं की मी कोण होत चालले आहे.

मधे जिमही लावून पाहिलं. 'कोअर स्ट्राँग कर' असं सगळेच सांगत होते. ट्रेनरने पहिल्याच दिवशी पाठीला काठी लावली. "मॅडम, पाठ एकदम सरळ! इथे जराशी गोल झाली ना, की डिस्क बाहेर!" क्रंचेस बंद, पुढे वाकणं बंद, पीळ बंद. मी इतकी ताठ व्यायाम करायचे की घरी आल्यावर पाठ जास्त दुखायची. तीन आठवड्यांत जिम सोडलं.

सोर्स काय?

मास कॉमला आम्हाला एक सर होते. तुम्ही काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "सोर्स काय?" २०२४ च्या ऑगस्टमध्ये मला एक काम आलं. आठशे शब्द, 'व्यायाम करताना पाठ सांभाळण्याचे दहा नियम'. मला काय, सगळे नियम तोंडपाठ! लिहायला बसले. नियम एक: पाठ कधीही गोल करू नका. आणि कानात सर बोलले.

मग एका फिजिओथेरपिस्टला फोन केला. कोटसाठी. तिने फोनवर माझीच हिस्ट्री विचारून घेतली आणि म्हणाली, "एकदा येऊनच जा." गेले. तपासून झाल्यावर तिने जमिनीवर पेन टाकलं. "उचला." मी गुडघे वाकवून, पाठ इस्त्री केल्यासारखी ताठ ठेवून, श्वास रोखून उचललं. शाबासकीच्या अपेक्षेने वर पाहिलं. ती म्हणाली, "छान. आता चुकीच्या पद्धतीने उचला."

माझ्या हाताला घाम फुटला. अहो, पेनच ते! पंधरा ग्रॅमचं. आणि मला उचलता येईना. दुखत होतं म्हणून नाही, त्या दिवशी काहीच दुखत नव्हतं. भीतीमुळे.

गादी जाते कुठे?

तर आधी आपल्याच मराठीचा एक गैरसमज. 'गादी सरकली' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन विटांमधला साबण, जरा तिरकं झालं की सुळकन बाहेर. प्रत्यक्षात पाठीत हलणारे मणके २४. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. त्यांच्यामध्ये २३ चकत्या. या चकत्या नुसत्या ठेवलेल्या नसतात, वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेल्या असतात. बाहेरून चिवट तंतूंचे थरावर थर, आत जेलीसारखा गाभा. अख्खी चकती सरकत नाही. ती फुगू शकते, किंवा थर फाटून गाभ्याचा काही भाग बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर त्रास होतो, कधीकधी भयंकर होतो. पण बाहेर आलेला तो भाग शरीर बऱ्याचदा हळूहळू स्वतःच शोषून घेतं.

आणि 'मणक्यात गॅप'? चकतीची उंची वयानुसार कमी होते, म्हणजे दोन मणक्यांतलं अंतर उलट घटतं. गॅप वाढत नाही, कमी होतो! आता बोला.

बरं, माझ्या त्या बल्जचं काय? १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांच्या किमान एका चकतीत बल्ज. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तीन हजारांहून जास्त माणसं, सगळी ठणठणीत. तिशीतल्या दर दहांपैकी चौघांना बल्ज, ऐंशीतल्या दहांपैकी आठांना. म्हणजे केस पांढरे होतात तसंच काहीसं हे. रिपोर्टमधला बल्ज खोटा नव्हता. पण माझ्या दुखण्याचं कारण तोच, हे त्या कागदावरून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. मी मात्र त्या एका ओळीवर चौदा महिने काढले होते.

डुक्कर, सेन्सर आणि मी

मग 'पाठ गोल झाली की गेली' हे आलं कुठून? अगदी हवेतून नाही. २००१ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात संशोधकांनी डुकराचे मणके यंत्रात बसवून, वरून दाब देत, हजारो वेळा पुढे-मागे वाकवले. चकत्या फाटल्या. दुसरा पुरावा १९९९ चा. जर्मनीत एका ४५ वर्षांच्या माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला. चकती कुठली? एल-४ एल-५! माझीच. २० किलोचं वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा दाब २.३ मेगापास्कल, गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७. फरक आहे. म्हणजे माझा ट्रेनर अगदीच वेडा नव्हता.

पण ग्यानबाची मेख इथे आहे. यंत्रातला मणका मेलेला असतो. तो रात्री झोपत नाही, भरून येत नाही, सरावाने मजबूत होत नाही. आपला होतो. दाब वाढणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी. जिना चढताना गुडघ्यावरचा दाबही वाढतो, म्हणून आपण जन्मभर तळमजल्यावर राहत नाही. २०२० मध्ये संशोधकांनी वजन उचलताना पाठ वाकवण्याचा आणि कंबरदुखीचा संबंध तपासणारे अभ्यास एकत्र चाळले. पाठ जास्त वाकवणाऱ्यांना जास्त कंबरदुखी होते, असं काही त्यातून निघालं नाही. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण मग उलट बाजूचा नियम आपण इतक्या खात्रीने दगडावर कोरला कशाच्या जोरावर?

शिवाय गंमत अशी, की बाहेरून पाठ सरळ दिसते तेव्हाही आत कमरेचे मणके वाकलेलेच असतात. स्क्वॉट मारताना, डेडलिफ्टमध्ये, सगळीकडे. काठी लावून सरळ ठेवतो असं वाटतं तेवढंच. पिळाचंही तसंच. आपण 'कंबर फिरवली' म्हणतो खरं, पण कमरेचे मणके अगदी थोडेसेच फिरतात. बाकी काम छातीमागचे मणके आणि खुबे करतात. म्हणजे पीळ बंद करून आपण नक्की कुणाला वाचवत होतो?

आणि हे आपल्याला नवं आहे का? जोर मारताना पाठ खाली जाते, वर कमान होते. सूर्यनमस्कारात पुढे वाकायचं, मागे वाकायचं. दादरला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराबाहेर जरा वेळ उभे राहा. मल्लखांबावरची पोरं धनुष्यासारखी वाकताना दिसतील. ती पहिल्या दिवशी तशी वाकत नाहीत. वर्षानुवर्षं, रोज थोडी थोडी वाकतात. सगळा फंडा त्या 'थोडी थोडी'मध्ये आहे.

पट्टा आणि पलंग

हे वाचताना मला राहून राहून बाबा आठवत होते. त्यांचे ते तीन आठवडे. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर सावरले ते रोजचं काम करणारे, सगळ्यात उशिरा झोपलेले. व्यायामवालेही कामवाल्यांच्या मागे होते. म्हणजे ऐन दुखण्यात जिममध्ये धावत जायचीही गरज नाही.

आणि पट्टा? २००० साली अमेरिकेत दुकानांमध्ये माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कामगारांचा अभ्यास झाला. पट्टा रोज लावणाऱ्यांची कंबर न लावणाऱ्यांपेक्षा काही कमी दुखली नाही.

बाबांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हा सगळेच तसं सांगत. पण २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने कंबरदुखीवर अख्खी लेखमाला छापली, तिचा सूर अगदी उलटा होता. हालते राहा, पडून राहू नका, उगाच स्कॅन काढत बसू नका. बाबांच्या फायलीत मात्र २००४ च पडून होतं.

हो, चकत्यांची झीज बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. फिनलंडमध्येच जुळ्या भावांच्या पाठींचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात हे दिसलं. म्हणजे माझी चकती बाबांकडून आली असेलही. पण 'वाकायचं नाही' हे जीन्समधून आलेलं नाही. ते मी बघून बघून उचललं होतं. वजन काही उचलत नव्हते, एवढं मात्र उचललं.

आटा, चिऊ आणि मी

मग सुरुवात केली. आधी मार्जारासन, मांजरासारखी पाठ गोल आणि मग खोल. पहिल्या दिवशी फक्त आठ वेळा, तेही देवाचं नाव घेत. मग उभ्याने हळूहळू खाली लोंबकळणं. दोन आठवड्यांनी रिकामी पिशवी उचलायची, पाठ मुद्दाम गोल करून. मग त्या पिशवीत दोन किलो तांदूळ. मग पाच किलो आट्याची बॅग. दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवायचं.

मधे दोनदा पाठ पुन्हा धरली. पहिल्यांदा मी घाबरून तिला फोन केला. "संपलं सगळं." ती म्हणाली, "वजन निम्मं करा, बंद करू नका." सहा दिवसांत ठीक झाले. तोच खरा टर्निंग पॉइंट. दुखलं म्हणजे मोडलं नाही, हे माझ्या डोक्याला नाही, कमरेला पटलं.

जिममध्ये परत गेले. आता डेडलिफ्ट मारते. आणि हो, जड वजन असेल तेव्हा पाठ मी बऱ्यापैकी सरळच ठेवते. त्यात ताकद चांगली लागते, दाब कमी पडतो. पण वजनाची प्लेट जमिनीवर ठेवताना पाठ गोल झाली, तर आता आयुष्याचा हिशोब डोळ्यांसमोरून जात नाही.

चिऊ आता चार वर्षांची, चौदा किलोंची. तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा तिनेच विचारलं, "आत्तू, बाऊ गेला?" थोडा आहे गं, म्हटलं. पण चालतो.

एवढं मात्र ऐका

हे वाचून उद्या सकाळी उठल्या उठल्या पन्नास किलो उचलायला जाऊ नका, प्लीज. सकाळी चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, पाठ कडक असते. तिला अर्धा-एक तास द्या. वजन असो वा वाकणं, एकदम वाढवू नका. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. आणि काही लक्षणं अशी आहेत की तिथे लेख वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा: मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं, पायातली ताकद कमी होत जाणं. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, पाठदुखीसोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातही उशीर नको.

आणि बाबा?

बाबांनी सहा महिने माझं काहीही ऐकलं नाही. "तुझं वय वेगळं, माझी केस वेगळी." मी वाद घालणं सोडलं आणि हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीसमोर व्यायाम करायला लागले. ते पेपरच्या आडून बघायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत एक दिवस म्हणाले, "त्या तुझ्या बाईंची फी किती?"

वय एकसष्ट. आधी हाडांची तपासणी झाली, ती नीट निघाली. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मग स्टुलावरची वस्तू उचलणं. मग पाटावरची. मग जमिनीवरची. मे महिन्यात त्यांनी पट्टा कपाटात ठेवला. टाकला नाही हं, ठेवला.

२७ ऑगस्ट २०२५ ला गणपती आले. दीड दिवसाचे, शाडूचे, फूटभर उंचीचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर मोठा टब भरून ठेवला होता. आरती झाली. दादाने सवयीने हात पुढे केले. बाबा म्हणाले, "थांब जरा."

त्यांनी मूर्ती उचलली. टबापर्यंत आले. विसर्जनाला न वाकता चालत नाही, मंडळी. तिथे गुडघे-बिडघे काही नाही, मूर्ती धरून पाण्यापर्यंत जावंच लागतं. बाबा वाकले. आई श्वास रोखून उभी. एकदा बुडवली, वर काढली. दोनदा. तिसऱ्यांदा सोडली. मग सावकाश सरळ झाले आणि हात सवयीने कमरेवर गेला. क्षणभर तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढला आणि चिऊला खोबऱ्याचा तुकडा दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर दुखली का? हो, दुखली थोडी. सकाळी विचारलं, "बाबा, झोपताय का जरा?"

"छे," ते म्हणाले. आणि चप्पल घालायला खाली वाकले.